तिसऱ्याची वही: औशाचा किल्ला, मुघलांचे वाकेनवीस आणि ऑनलाइन खेळातील आकडेवारीचा वाद

१/
ऑनलाइन स्पर्धात्मक खेळ खेळणाऱ्यांमध्ये एक वाद अनेक वर्षे चालू आहे. गेम एका कंपनीचा आणि खेळाडू दोन पक्षांचे. त्यांच्या मध्ये तिसऱ्याच कोणीतरी बनवलेले एक अ‍ॅप असते. ते प्रत्येक खेळाडूचे जुने सामने, जय-पराजय, आवडते शस्त्र, सरासरी गुण यांची नोंद ठेवते आणि मागणाऱ्याला ती दाखवते. असे अ‍ॅप वापरणे हा अभ्यास मानावा की लबाडी? प्रश्न नव्या पिढीचा वाटतो. त्याचा गाभा मात्र जुना आहे. दुसऱ्याच्या कामगिरीची नोंद तिसऱ्याने ठेवावी का, आणि ती कोणी, केव्हा पाहावी? या धाग्यात त्याचा मागोवा लातूर जिल्ह्यातील औशाच्या किल्ल्यापासून घेतला आहे.

२/
आधी विषयाची फोड करणे आवश्यक आहे. आकडेवारीची अ‍ॅप्स तीन प्रकारे वापरली जातात. पहिला प्रकार सामना संपल्यावरचा: स्वतःच्या चुका तपासण्यासाठी नोंद पाहणे. दुसरा सामन्यापूर्वीचा: समोर कोण आहे, त्याची सवय काय, हे आधी पाहून घेणे. तिसरा सामना चालू असतानाचा: खेळाच्या पडद्यावरच दुसरा पातळ पडदा चढवून प्रतिस्पर्ध्याची माहिती क्षणोक्षणी पाहणे. तिन्हींना एकच नाव दिले जाते आणि त्यामुळे वादात दोन्ही बाजू परस्परांना चुकवून बोलत राहतात. इतिहासात या तिन्ही प्रकारांची उदाहरणे सापडतात.

३/
औशाचा किल्ला भुईकोट आहे. त्याला डोंगराचा आधार नाही. खंदक, दुहेरी तटबंदी, बुरूज आणि तोफा यांवरच त्याची सारी भिस्त. त्याच्या उभारणीचे श्रेय परंपरेने बहमनी वजीर महमूद गावान याला दिले जाते. बहमनी सत्तेनंतर बीदरची बरीदशाही, विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्या ओढाताणीत हा किल्ला हातोहात फिरला. मलिक अंबरचाही अंमल त्याने पाहिला. निजामशाही संपत आली तेव्हा, १६३६ मध्ये, शाहजहानचा सेनापती खान-इ-दौरान याने उदगीर आणि औसा हे दोन्ही किल्ले मुघलांसाठी घेतले.

४/
सपाट मुलखातल्या किल्ल्याचे बळ आकड्यांत मोजले जाते. आत माणसे किती, धान्य किती दिवसांचे, दारूगोळा किती, खंदकात पाणी किती? डोंगरी किल्ल्याला कडा राखतो. भुईकोटाला राखतो तो त्याच्या आतल्या आकड्यांबद्दलचा शत्रूचा अंदाज. आत शंभर माणसे असून बाहेर पाचशेंचा समज पसरला, तर तो समजही तटासारखाच उपयोगी. म्हणून वेढा घालणारा आकडे शोधत असे आणि किल्लेदार ते झाकत असे. ‘माहिती हेच बळ’ हे वाक्य आज सर्रास ऐकू येते. औशासारख्या ठिकाणी तो रोजचा व्यवहार होता.

५/
१६३६ नंतर औशावर आलेली मुघल सत्ता नोंदवह्यांची सत्ता होती. त्याच वर्षी तरुण औरंगजेब दख्खनचा सुभेदार म्हणून प्रथम नेमला गेला. मुघल राज्यात प्रत्येक सरदाराला ‘मनसब’ असे. मनसब म्हणजे दर्जा, आणि तो आकड्यांनी सांगितला जाई. ‘जात’ या आकड्यावरून सरदाराचा मान व वैयक्तिक वेतन ठरे. ‘सवार’ या आकड्यावरून त्याने किती घोडेस्वार बाळगावेत हे ठरे. ऑनलाइन खेळातल्या ‘रँक’शी परिचित असलेल्या वाचकाला ही रचना समजायला वेळ लागणार नाही. सरदार दरबारात शिरण्याआधी त्याचा आकडा दरबारात पोहोचलेला असे.

६/
आकडा आला की आकडा फुगवणेही आले. हजार स्वारांचे वेतन घेऊन पाचशे बाळगायचे आणि हजेरीच्या दिवशी उसने घोडे उभे करायचे, ही युक्ती मुघलांच्याही आधीची. अलाउद्दीन खिलजीने तिला आळा घालण्यासाठी घोड्यांना डाग देण्याची आणि सैनिकांचे वर्णन लिहून घेण्याची पद्धत सुरू केली होती. अकबराने १५७० च्या दशकात ती नव्याने कडक केली. घोड्यावर ‘दाग’ आणि सैनिकाचा ‘चेहरा’, म्हणजे त्याचा रंग, बांधा, कपाळ, तीळ, जखमेचे व्रण यांची लेखी नोंद. दुसऱ्याच्या खात्यावर खेळून रँक चढवून देणाऱ्यांना आज ज्या कारणाने पकडले जाते, त्याच कारणाने तेव्हा घोड्यावर डाग पडत असे.

७/
तरीही कागद आणि रणांगण यांत अंतर राहिलेच. शाहजहानच्या काळात तर ते नियमातच मान्य करावे लागले. ज्या सुभ्यात जहागीर त्याच सुभ्यात नोकरी असेल तर सरदाराने ठरलेल्या आकड्याच्या एक-तृतीयांश स्वार आणावेत, बाहेर नोकरी असेल तर एक-चतुर्थांश, आणि बल्ख-बदख्शानसारख्या दूरच्या मोहिमेवर एक-पंचमांश, असे प्रमाण ठरले. जहागिरीचे कागदावरचे उत्पन्न आणि हाती पडणारा वसूल यांतही असेच अंतर असे. दख्खनमध्ये ते विशेष जाणवे. म्हणजे खुद्द आकडा देणाऱ्यालाच ठाऊक होते की आकडा म्हणजे माणूस नव्हे. ही नोंद पुढे कामाला येईल.

८/
आता ‘तिसरा’ येतो. सरदाराची कामगिरी सरदारानेच कळवली तर ती फुगणार, हे उघड होते. म्हणून मुघलांनी सुभ्यासुभ्यांत वृत्तलेखक नेमले. ‘मिरात-इ-अहमदी’ या अठराव्या शतकातील गुजरातच्या इतिहासग्रंथात अशा यंत्रणेचे वर्णन आहे: वाकेनवीस, सवानेहनिगार, खुफियानवीस आणि हरकारे. वाकेनवीस उघडपणे नेमलेला असे. सुभ्यात काय घडले, कोणी काय केले, हजेरी किती भरली, हे तो दरबाराला लिही. खुफियानवीस नावाप्रमाणे गुप्त असे. या लोकांची बातमी सुभेदारावरून न जाता वर पोहोचे. ज्याच्याविषयी लिहायचे त्याच्या हाताखाली लिहिणारा नसावा, हे त्यामागचे तत्त्व होते.

९/
पण नोंद ठेवणाऱ्याची नोंद कोण ठेवणार? वाकेनवीस आणि स्थानिक अधिकारी यांचे संगनमत होई. मग वाकेनवीसावर नजर ठेवायला सवानेहनिगार, आणि त्या दोघांवर गुप्त लेखक, अशी साखळी वाढत गेली. दख्खनमधील १६६० ते १६७१ या काळातील अशा वृत्तांतांची निवड हैदराबादच्या अभिलेखागाराने १९५३ मध्ये प्रसिद्ध केली. आजच्या अभ्यासकाला त्या काळच्या दख्खनचे रोजचे चित्र मिळते ते अशाच नोंदींतून. ज्या सरदारांना या नोंदी नकोशा वाटत, त्यांच्याविषयी आज आपल्याला जे ठाऊक आहे, त्यातले बरेचसे या नकोशा नोंदींमुळेच.

१०/
सरदारांना हे लेखक आवडत नसत. तरी या व्यवस्थेला कोणी कपट म्हटले नाही. त्याची दोन कारणे दिसतात. एक, ज्या सत्तेने मनसबीचा खेळ मांडला तिनेच लेखक नेमले होते. दोन, नोंद होत आहे ही गोष्ट सर्वांना माहीत होती. यावरून पहिली कसोटी हाती लागते. नोंद ठेवणारा तिसरा नियमकर्त्याच्या संमतीने उभा आहे का, आणि त्याचे अस्तित्व उघड आहे का? मात्र या कसोटीत एक मोठी उणीव राहते. ज्याची नोंद होते त्याची संमती तिच्यात कुठेच विचारलेली नाही. तिकडे शेवटी वळू.

११/
औशाच्या परिसराने या प्रश्नाची दुसरी बाजूही पाहिली आहे. १७५९ च्या अखेरीस आणि १७६० च्या आरंभी सदाशिवरावभाऊंच्या नेतृत्वाखाली मराठे निजामावर चालून गेले. सलाबतजंग आणि त्याचा भाऊ निजामअली यांचे सैन्य उदगीर, औसा या भागातून धारूरकडे सरकण्याच्या प्रयत्नात होते. धारूरला पोहोचले की कुमक मिळणार होती. मराठ्यांनी ती वाटचाल होऊ दिली नाही. घोडदळाने घेरून, रसद तोडून, ३ फेब्रुवारी १७६० रोजी निर्णायक हल्ला झाला. तहात सुमारे साठ लाखांचा मुलूख आणि दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर यांसारखी ठाणी मराठ्यांकडे आली.

१२/
या मोहिमेत मराठ्यांच्या तोफखान्याचा आणि कवायती पायदळाचा प्रमुख होता इब्राहिमखान गारदी. तो फ्रेंच पद्धतीच्या कवायतीत तयार झालेला होता आणि त्याआधी निजामाच्याच बाजूला नोकरीत होता. समोरच्या सैन्याची रचना, सवयी आणि दुबळे कोपरे त्याने आतून पाहिले होते. आजच्या भाषेत सांगायचे तर प्रतिस्पर्ध्याची संपूर्ण आकडेवारी सोबत घेऊन आलेला माणूस. त्याखेरीज हरकारे आणि जासूद रोज बातम्या आणत. या माहितीच्या वापराला तेव्हा कोणी अनुचित म्हटले नाही आणि आजही कोणी म्हणत नाही.

१३/
त्याच वर्षी याची उलटी बाजू दिसली. ऑक्टोबर १७६० मध्ये मराठी सैन्य कुंजपुऱ्याकडे असताना अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली. मराठ्यांना त्याचा सुगावा वेळेत लागला नाही. अब्दाली त्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये येऊन बसला. रसद तुटली, बातमी तुटली. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले ते सर्वश्रुत आहे. भाऊ तेच, गारदी तोच, उदगीरला वर्षही उलटलेले नव्हते. उदगीरला खबर मराठ्यांच्या बाजूला होती, पानिपतावर ती अब्दालीच्या बाजूला गेली. पराभवाची कारणे अनेक आहेत, पण खबर तुटणे हे त्यांतील एक ठळक कारण आहे.

१४/
येथे एक घाईचा निष्कर्ष टाळायला हवा. ‘युद्धात सर्व माहिती चालते, मग खेळात का नको?’ असा युक्तिवाद अ‍ॅपच्या समर्थनार्थ केला जातो. तो फसवा आहे. युद्धात दोन्ही पक्षांनी आधी बसून नियम मान्य केलेले नसतात आणि मध्ये पंच नसतो. खेळ सुरू होतो तोच नियमाने. पट किती घरांचा, डाव किती वेळाचा, कोणते साधन हाती घ्यायचे, हे आधी ठरते आणि मगच हार-जीत या शब्दांना अर्थ येतो. उदगीरची खबर आणि खेळातली खबर यांच्यामध्ये ही रेषा आहे. म्हणून आता खेळांकडेच वळावे लागते.

१५/
मराठवाड्यातल्या जत्रेतील कुस्तीचा फड हे जवळचे उदाहरण. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार याच मातीतून पुढे आले. १९७० च्या एडिंबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले आणि पुढे वस्ताद म्हणून अनेक मल्ल घडवले. तालमीच्या परंपरेत वस्तादाचे अर्धे काम डोळ्यांचे असते. समोरच्या तालमीचा पैलवान ढाक मारतो की एकलांगी भरतो, दम किती मिनिटांनी सुटतो, कोणता पाय पुढे ठेवतो, हे तो दहा फडांतून पाहून ठेवतो. ही आकडेवारीच आहे. ती कागदावर नसून वस्तादाच्या डोक्यात असते, इतकाच फरक.

१६/
या पाहणीला कोणी आक्षेप घेत नाही, कारण कुस्ती सर्वांसमोर होते. तिकीट काढून किंवा न काढता जो फडावर येईल त्याने ती पाहावी. ज्याच्या डोळ्यांत जितके बळ तितके त्याने घ्यावे. कुस्ती चालू असताना वस्ताद कडेवरून ओरडला तरी तो आवाज दोन्ही मल्लांच्या कानी पडतो. माहिती उघड आहे आणि दोघांना सारखीच आहे. येथून दुसरी कसोटी मिळते. ती माहिती सार्वजनिक सामन्यातून आलेली आहे का आणि दोन्ही पक्षांना सारखी उपलब्ध आहे का?

१७/
बुद्धिबळाने हीच गोष्ट छापील रूपात केली. १८१४ मध्ये त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचा बुद्धिबळावरील ग्रंथ मुंबईत इंग्रजीत छापला गेला. मूळ संस्कृत ‘विलासमणिमंजरी’तील डाव त्यात युरोपीय पद्धतीला जुळवून दिले होते. दरबारात आणि घराण्यांत राहिलेली पटावरची माहिती अशी बाजारात आली. पुढे सामन्यांच्या चाली लिहून ठेवणे स्पर्धांत बंधनकारकच झाले. बुद्धिबळपटू आपली चाल स्वतःच्या हाताने लिहितो आणि ती जगाला उपलब्ध होते. प्रतिस्पर्ध्याचे जुने डाव न पाहता पटावर बसणारा खेळाडू आज आळशी समजला जातो.

१८/
संगणकाने या अभ्यासाला वेग दिला. १९८५ मध्ये गॅरी कास्पारोव हॅम्बर्गमध्ये आठ खेळाडूंशी एकाच वेळी खेळला आणि थोडक्याने हरला. १९८७ मध्ये त्याच ठिकाणच्या संघाशी पुन्हा खेळताना त्याने ‘चेसबेस’ या नव्या माहितीसंचातून प्रतिस्पर्ध्यांचे डाव आधी अभ्यासले आणि सामना ७-१ असा जिंकला. याला कोणी लबाडी म्हटले नाही. उलट बुद्धिबळाच्या तयारीची पद्धतच बदलली. पण पटावर बसल्यानंतर टिपण, फोन किंवा कोणतेही यंत्र पाहणे नियमाने निषिद्ध आहे. २००६ मध्ये दिल्लीतील एका स्पर्धेत टोपीत ब्लूटूथ यंत्र बाळगणाऱ्या खेळाडूवर दहा वर्षांची बंदी आली. माहितीचा स्रोत कोणताही असो, पहिल्या चालीपाशी एक दार बंद होते.

१९/
क्रिकेटमध्ये या दाराची जागा ठरायला वेळ लागला. ऑस्ट्रेलियाचे बिल फर्ग्युसन हे १९०५ पासून सुमारे पाच दशके दौऱ्यांवर धावलेखक होते. फलंदाजाने कोणत्या दिशेला किती फटके मारले याचे आलेख ते काढत. आज दूरचित्रवाणीवर दिसणाऱ्या ‘वॅगन व्हील’चे ते पूर्वज. १९३२-३३ च्या बॉडीलाइन मालिकेपूर्वी ब्रॅडमनचा अभ्यास करताना इंग्लंडचा कर्णधार डग्लस जार्डिन याने अशा आलेखांकडे लक्ष दिल्याचा उल्लेख क्रिकेटच्या इतिहासलेखनात येतो. जार्डिनचा जन्म मुंबईचा. त्या मालिकेवर जगभर टीका झाली, पण ती फलंदाजाच्या अंगावर टाकलेल्या चेंडूंवर झाली. आलेख पाहिल्याबद्दल कोणी त्याला दोषी धरले नाही.

२०/
खरी कसोटी १५ मे १९९९ रोजी लागली. विश्वचषकातील भारत-दक्षिण आफ्रिका सामना इंग्लंडमधील होव्ह येथे होता. दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए आणि गोलंदाज अ‍ॅलन डोनल्ड यांच्या कानात छोटे यंत्र होते. मैदानाबाहेर बसलेले प्रशिक्षक बॉब वूल्मर त्यातून त्यांच्याशी बोलत होते. नियमांत अशा यंत्राला मनाई नव्हती, कारण नियम लिहिणाऱ्यांना ते सुचलेच नव्हते. तरीही सामनाधिकारी तलत अली यांनी यंत्र काढायला लावले आणि पुढे आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेने त्यावर बंदी आणली.

२१/
होव्हचा प्रसंग ऑनलाइन खेळांच्या वादाशी सर्वांत जवळचा आहे. वूल्मर जे सांगत होते ते गुपित नव्हते. तेच त्यांनी उपाहाराच्या वेळी सांगितले असते तर कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती वेळेला आणि वाटेला. चेंडू पडण्यापूर्वीच्या क्षणी निर्णय मैदानावरच्या माणसाचा राहावा, ही अपेक्षा मोडली गेली, आणि ती एकाच पक्षाकडून, दुसऱ्याला ऐकू न येणाऱ्या वाटेने मोडली गेली. ‘नियमात लिहिलेले नाही’ हा बचाव तेथे टिकला नाही. ही तिसरी कसोटी: निर्णयाच्या क्षणी निर्णय कोण घेत आहे?

२२/
ऑनलाइन जगात हा वाद प्रथम पैशाच्या पत्त्यांत पेटला. पोकरच्या पडद्यावर प्रतिस्पर्ध्याच्या नावाशेजारी त्याच्या खेळण्याचे शेकडा प्रमाण दाखवणारी साधने अनेक वर्षे रूढ होती. नवखा खेळाडू टेबलावर बसताच अनुभवी लोकांना त्याची कुवत आकड्यांत दिसे आणि तो लवकर रिकामा होऊन जाई. २०१९ मध्ये पार्टीपोकर या संकेतस्थळाने अशा साधनांना बंदी घातली. नवखे टिकले नाहीत तर टेबलच रिकामे होईल, हा त्यामागचा व्यवहार होता. येथे न्याय आणि धंदा एकाच दिशेला आले.

२३/
इतर खेळांनी वेगवेगळे मार्ग धरले. ‘डोटा २’ मध्ये खेळाडूने परवानगी दिली तरच त्याच्या सामन्यांची माहिती बाहेरच्या संकेतस्थळांना मिळते. ‘ओव्हरवॉच’ने २०१८ मध्ये खेळाडूंची कारकीर्द-पाने मुळातच खासगी केली, कारण जुने आकडे पाहून साथीदारच एकमेकांना शिव्या घालू लागले होते. त्याच वर्षी सामना चालू असताना सूचना देणारे एक बाहेरचे अ‍ॅप या खेळात निषिद्ध ठरले. ‘लीग ऑफ लेजंड्स’ने २०२२ मध्ये क्रमवारीच्या सामन्यांत पात्र निवडताना साथीदारांची नावेच झाकली. नाव कळले की आकडे शोधले जात, आणि आकडे पटले नाहीत की सामना सोडला जाई.

२४/
अ‍ॅपच्या बाजूने जे बोलले जाते त्यात तथ्य आहे. औसा, निलंगा, उदगीर येथे ऑनलाइन खेळाचा प्रशिक्षक सहज मिळत नाही. मोठ्या संघांजवळ विश्लेषक असतात. लहान गावातल्या खेळाडूजवळ एक फोन असतो. आपण कुठे चुकतो हे त्याला विनामूल्य सांगणारी वही असेल, तर ती त्याच्या हातून काढून घेणे म्हणजे विषमता वाढवणे होय. शिवाय सगळे आकडे कंपनीच्या ताब्यात असतातच. बाहेरच्या कोणी ते तपासले नाहीत तर कंपनीचा न्याय कोण पडताळणार? मुघल दरबारालाही सरदाराच्या स्वतःच्या शब्दावर विसंबता आले नव्हते.

२५/
विरुद्ध बाजूही तितकीच सबळ आहे. आकडा म्हणजे माणूस नव्हे, हे शाहजहानच्या कारकुनांनीही मान्य केले होते. नवे पात्र शिकणारा, आजारपणानंतर परतलेला किंवा मित्रासाठी आधाराची भूमिका पत्करणारा खेळाडू आकड्यांत कमकुवत दिसतो. त्याला खेळण्याची संधी मिळण्याआधीच संघातून काढले जाते. आणि त्याने या वहीत नाव घालायला सांगितलेले नसते. वाकेनवीसाची वही निदान दरबारात जाई. ही वही कोणाही अनोळखी माणसापुढे उघडते.

२६/
भारतात या प्रश्नाला कायद्याची बाजूही आली आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी पब्जीसह ११८ अ‍ॅप्सवर बंदी आली तेव्हा सरकारने दिलेल्या कारणांत वापरकर्त्यांची माहिती देशाबाहेर जाण्याचा मुद्दा होता. २०२३ च्या वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यासाठी पालकांची पडताळता येणारी संमती आवश्यक ठरवली आहे आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास मनाई केली आहे. त्याची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने होत आहे. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशाच्या खेळांना बंदी घालून ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. ऑनलाइन खेळणाऱ्यांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने आहेत. त्यांची कामगिरी त्यांच्या नकळत नोंदवणारी वही या कायद्यासमोर कशी टिकते, हे आता पाहावे लागेल.

२७/
आता निवाडा. सामन्यानंतर स्वतःची नोंद पाहणे ग्राह्य आहे. ती तालमीतली मेहनत आहे. सामन्यापूर्वी प्रतिस्पर्ध्याची नोंद पाहणे सशर्त ग्राह्य आहे. अट अशी की गेमच्या नियमांनी ती उघड ठेवलेली असावी, दोघांनाही सारखी मिळावी आणि ज्याची नोंद आहे त्याने ती झाकायचे ठरवले तर झाकता यावी. स्पर्धेत उतरलेल्या व्यावसायिक संघांना ही शेवटची सवलत नसली तरी चालेल, कारण त्यांचे सामने फडावरच्या कुस्तीसारखे जाहीर असतात. सामना चालू असताना नियमांनी न दिलेली माहिती पडद्यावर आणणे अग्राह्य आहे. नियमात मनाई लिहिलेली नसली तरी अग्राह्यच. होव्हने ते ठरवून दिले आहे.

२८/
मुघल सैनिकांच्या ‘चेहऱ्या’चे हजारो कागद आज हैदराबादच्या अभिलेखागारात आहेत. कोणाच्या कपाळावर व्रण, कोणाच्या गालावर तीळ, कोणाचा घोडा कोणत्या रंगाचा. दख्खनच्या ठाण्यांत चाकरी केलेली ही माणसे. नोंद फारसीत होती आणि त्यांतल्या बहुतेकांना ती वाचता येत नव्हती. आपल्याविषयी काय लिहिले आहे हे त्यांना कळत नसे आणि चुकले असेल तर दुरुस्त करण्याची वाटही त्यांच्या हाती नव्हती. आजच्या खेळाडूला वाचता येते. म्हणून त्याने मागावयाची पहिली गोष्ट हीच: माझ्याविषयी जी वही ठेवली जाते ती मला दिसली पाहिजे, आणि ती बंद करण्याचा अधिकार माझा असला पाहिजे. एवढे मान्य झाले की उरलेला वाद पंचांवर सोपवता येतो.